फडक्यामागचं बोलनं

आता सांगायला काय हरकत न्हाई. ज्याच्या हातात फोन हाय त्याला सगळं म्हाईत झालंय. मग मी एकटी तोंड दाबून बसले तर कुनाचं भलं हुनार?

आमच्या घरचा खेळ असा हुता. आबा, म्हंजे माझा बाप, बाजारात ढोलकं वाजवून मानसं गोळा करायचा. मधी मला बसवायचा. डोळ्यांवर काळं फडकं बांधायचा आन बगनाऱ्यातल्याच कुनाला तरी गाठ तपासायला लावायचा. मग त्यो गर्दीत फिरायचा, कुनाचीबी वस्तू हातात घ्यायचा आन लांबनंच मला इचारायचा. मी सांगायची, घड्याळ. कुनाचं? तांबड्या पटक्यावाल्याचं. बाया तोंडाला पदर लावायच्या. कोन म्हनायचं पोरीच्या अंगात देवी येती, कोन पाया पडायचं. पाया पडलेला मानूस हात सैल सोडतो, म्हनून आबा त्याला न्हाई म्हनायचा न्हाई.

देवीबिवी काय नव्हती. सगळं आबाच्या इचारन्यात असायचं. 'सांग पोरी' म्हटलं की सोन्याचांदीचं कायतरी. 'बोल पोरी' म्हटलं की कागदाचं. 'बरं का पोरी' आलं की कापड. पुढं 'आता' लागला की वस्तू बारकी, 'जरा' लागला की दुमडलेली. आन नुस्तं 'हं' म्हटलं की घड्याळ, कारन निम्मी मानसं घड्याळच काडून द्यायची. जे सारखं लागतं ते थोडक्यात, जे कवातरी येतं ते लांबन लावून. एकदा निपाणीच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं दातांची कवळी काडून दिली, तवा आबाला चांगलं कीर्तन केल्यागत बोलाय लागलं.

बाजारात गलका असतो. एखादा शब्द हवेत गेला तर पोरीनं काय करायचं? म्हनून आबा तीच गोष्ट ढोलक्यावरबी सांगायचा. हाताची थाप येगळी, बोटांची येगळी. कान हुकला तर ढोलकं धरून घ्यायचं. तरीबी चुका व्हायच्या. चूक झाली की मानसं हसून पांगायची, आन त्या दिवशी चूल पेटायची पन सगळ्यांना पुरायचं न्हाई. चूक माझी, म्हनून माझी भाकरी आधी कमी. आबा वाईट नव्हता. त्याची सवताची अर्धी त्यो धाकटीला द्यायचा. धाकटी म्हंजे माझी भन, तीबी पुढं फडक्याखाली बसाय लागली.

ह्ये सगळं बाहेर जायाचं न्हाई. आबानं आमा दोघींचा हात ढोलक्यावर ठेवून सांगितलं हुतं, इचारनारा आन फडकं बांधनारी, त्यांच्यातच ऱ्हायाला पायजे. आमची लग्नंबी त्यानं खेळ करनाऱ्या घरात लावली आन जावयांना आधी इचारायला शिकवलं, मग हळद लावली.

बेंगळुरात आलो ते पोटामागं. मला एक लेक झाली. लेक अंगावर असताना आमचं मालक छातीच्या दुखन्यानं गेलं. इचारनारा गेला की फडक्याचं काय करायचं? मी इंदिरानगरात लोकांची भांडी घासली, लेकीला शिकवलं. तिला खेळ शिकवला न्हाई. धाकटी आन तिच्या नवऱ्यानं, आमच्या पाव्हन्यांनी, खेळ चालू ठेवला. रस्त्यावर पोलीस हुबं राहू देईनात, तवा त्यांनी मोठमोठ्या इमारतींतनी पोरांच्या वाढदिवसाला जायाचं धरलं. तितं ह्या खेळाला कायतरी इंग्रजी नाव हाय. पाव्हन्यांनी खांद्यावर जरीचा पट्टा घातला, बोलनं थोडं हिंदीत थोडं कन्नडात आनलं, पन घडन आबाचीच. एक बदल केला. आता घड्याळ कोन घालतंय? सगळी फोन काडून देत्यात. मग 'हं' फोनला दिला, घड्याळाला मोठं इचारनं लावलं. ह्ये बसवायला त्या दोघांना पावसाळाभर खपावं लागलं. जुनी सवय जीभ सोडत न्हाई.

माझा नातू, म्हंजे त्याच लेकीचा ल्योक, लई शिकला. हितंच एका मोठ्या संस्थेत शिकून वर आनखी शिकतो. मारतहळ्ळीला लेकीच्या फ्लॅटात आमी सगळी एकत्र. त्याच्या खोलीत एक पांढरा फळा हाय. त्यावर त्यो झाडं काडायचा, पन मुळं वर आन फांद्या खाली. मी इचारलं, उलटं का रे? म्हनाला, आजी, हे वाक्याचं झाड आहे. वरनं वाक्य सुरू होतं आणि खाली शब्द लागतात.

एकदा भाजी निवडता निवडता माझ्या तोंडातनं खेळाची गोष्ट निघाली. निघाली म्हंजे नुस्तं एवडंच, की डोळं बांधून वस्तू वळकायची. त्यानं कोथिंबीर खाली ठेवली. म्हनाला, शब्दांत असणार. मी म्हटलं, देवी येती. त्यो हसला. मग रोज माझ्याजवळ येऊन बसाय लागला.

त्याचं शिक्षन काय ते त्यानं मला समजावलं, आन ते मला समजलं, खोटं कशाला सांगू. म्हनाला, जे आधीच ओळखता येतं त्यात बातमी नसते. दूधवाला आला, ही काय बातमी? दूधवाला आला नाही, ही बातमी. आन म्हनाला, वाक्यात कुठल्याही जागी काहीही बोलता येत नाही, भाषा नियमानं बांधलेली असते. पण मधेमधे नियम दोनतीन वाटा मोकळ्या सोडतो. हेही चालतं, तेही चालतं, ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. बातमी फक्त त्या जागी भरता येते. त्याला मापायचं हुतं, असल्या बांधलेल्या बोलन्यात किती बातमी मावते.

मग म्हनाला, "आजी, तुझ्या वडलांनी अशी कुठलीच जागा वाया घालवली नसणार. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी."

आबाला उभ्या जन्मात कुनी चांगलं म्हटलेलं मला आठवत न्हाई. गारुडी म्हनायचं, भामटा म्हनायचं, एकदा तर फौजदारानं ढोलकंच फोडलं. आन हा शिकलेला नातू त्याला 'त्यांना' म्हनत हुता. तितं मी भुलले.

मी म्हटलं, ह्ये सांगायचं नसतं, धाकटीचं पोट हाय त्यावर. त्यो म्हनाला, तुम्ही कोण ते कुणालाही कळणार नाही, आमचा नियमच आहे तसा. माझ्या गळ्याची शपत घेतली. मी सांगितलं. मी सांगितलेलं त्याला पुरलं न्हाई, त्याला चालू खेळ बगायचा हुता, कॅमेऱ्यात घ्यायचा हुता. धाकटी आधी न्हाईच म्हनली. पाव्हनं म्हनलं, माझ्या सवताच्या भाच्यालाबी मी सांगितलं न्हाई. मी तिच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, आपलंच रगत हाय, त्यो आबाचं नाव काडनार हाय. शेवटी तिनं त्याच्यासमोर फडकं बांधलं. पाव्हन्यांनी घरातल्या वस्तू एकेक उचलून इचारल्या. नातू कॅमेऱ्यामागं हुबा, लहान पोरागत हरकलेला. जाताना त्यो दोघांच्या पाया पडला.

पुढं त्याचं भाषन झालं, कुटंतरी मोठ्या सभेत, जगभरातनं मानसं आलेली. घरी मैसूरपाक घेऊन आला. म्हनाला, सगळ्यांना लई आवडलं, 'हं' ची जागा घड्याळाकडनं फोनकडं गेली ती गोष्ट ऐकून तर मानसं उठून हुबी राहिली. आता परदेशात बोलावतील म्हनाला. मी मैसूरपाक खाल्ला. धाकटीला एक डबा पोचवला.

मग हेब्बाळचा वाढदिवस आला.

धाकटीचं हात आताशा मागं जात न्हाईत, खांदं धरलेत, म्हनून गाठ मारायला मी तिच्यासंगट जाते. त्या दिवशीबी गेले. तळं दिसतं अशी मोठी इमारत, खाली त्यांचा हॉल, फुगं लावलेलं. पोरं खाली बसली, आयाबाप मागं खुर्चीवर. मी गाठ मारली, एका बाईनं तपासली. पाव्हन्यांनी ढोलक्यावर हात मारला, फिरत फिरत एका गृहस्थाचा फोन घेतला, वर धरला आन म्हनलं, हं.

धाकटीनं तोंड उघडायच्या आत पुढं बसलेली एक पोरगी म्हनली, फोन.

सगळी हसली. पाव्हनंबी हसलं. लेकरू हाय, बगून बोललं असंल. मग त्यांनी एका बाईची अंगठी घेतली आन त्या पोरीकडं पाठ केली, मुठीत झाकून धरली, पोरांना दिसू दिली न्हाई. म्हनलं, आता सांग. त्या पोरीनं शेजारच्या पोरीला म्हटलं, 'सांग' म्हणजे सोनं, 'आता' म्हणजे छोटं. दोघी एका आवाजात वरडल्या, अंगठी. मग सगळ्या पोरांना चेव आला. पाव्हन्यांनी कन्नडात इचारलं तर कन्नडात, हिंदीत इचारलं तर हिंदीत. ढोलक्याची बोटंबी त्यांना पाठ. एका बापानं फोनवर काय ते बाकीच्यांना दाखवलं आन मला दिसलं, आमच्या पाव्हन्यांचा जरीचा पट्टा. तोंडं पुसट केलेली. आवाज बाईचा का बाप्याचा कळू नये असा. खाली अक्षरं पळत हुती, आबाचं एकेक इचारनं आन म्होरं त्याचा अर्थ.

पोरांचं काय चुकलं? त्यांना खेळ वाटला. ती कुनी वंगाळ नव्हती.

धाकटी फडक्याखाली बसून हुती. तिला वाटलं असंल आता थांबतील. पाव्हनं इचारत राहिलं, कारन थांबायचं कसं ते त्यांनाबी कळंना, आन ती पोरांच्या मागनं उत्तर देत राहिली. फोन. अंगठी. रुमाल. पोरं आधी म्हनायची, मग ती म्हनायची. बरोबरच म्हनायची सगळं. शेवटी घरची बाई आली, लई मायेनं पाव्हन्यांच्या हाताला धरून म्हनली, अंकल, आता केक कापूया. मी फडकं सोडाय गेले तर धाकटीनं माझा हात बाजूला केला. फडक्यासकट उठली, भिंतीला धरून बाहेर गेली आन मग सोडलं.

रिक्षात तिघं दाटीवाटीनं बसलो. रिक्षावाला म्हनाला, स्वल्प, म्हंजे जरासं, आत सरका अक्का. धाकटी सरकली. माझ्या अंगाला अंग लागू नये एवडी सरकली. तिचं घर आलं तवा उतरून म्हनली, "अक्का, तू म्हनलीस म्हनून मी फडकं बांधलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला नातू चहा पीत बसलेला. मी समोर बसले आन सगळं सांगितलं. पोरींचं, बापाच्या फोनचं, भिंतीला धरून गेली ते. त्याचा कप खाली आला. म्हनाला, तो छोटा व्हिडिओ मी नाही केला, माझ्या भाषणातून कुणीतरी कापून केलाय. मी इचारलं, भाषन नेटवर कुनी घातलं? म्हनाला, ते घालतातच आजी, सगळ्यांचंच घालतात.

मग म्हनाला, "पण तुझं नाव कुठंच नाहीये. त्यांचंही नाही. चेहरे पुसले, आवाजसुद्धा बदलला. मी एक अक्षर मोडलं नाही दिलेल्या शब्दाचं."

"आरं, नाव घातलं असतंस तर चाललं असतं," मी म्हटलं. "आमच्या नावाला कोन इचारतंय? बोर्डावर लिही की आमची नावं. बोलनं झाकायचं हुतं."

"बोलणंच झाकलं असतं तर मग दाखवायचं काय, आजी?"

एवडं बोलला आन त्याचं त्यालाच ऐकू गेलं. मी त्याच्या तोंडाकडं बगत राहिले. लहानपनी ताप आला की मी ह्या तोंडाकडं असंच बगायची.

मी इचारलं, "म्हंजे तुला आधी म्हाईत हुतं."

त्यो कपातली साय बोटानं बाजूला करत बसला. त्याच्या शाळेत मानूस झाकला की सगळं झाकलं असं शिकवत्यात, ते मला कळलं. पन त्यो माझ्या घरात वाढला. दूधवाल्याची बातमी मला त्यानंच समजावली. बातमी कुटं असती ते त्याच्याइतकं कुनाला म्हाईत?

मग म्हनाला, मी नवीन बोलणं करून देतो. मशीनवर एका संध्याकाळी होईल, याच्यापेक्षा चांगलं, धाकट्या आजोबांना पाठ करायला सोपं. पाव्हन्यांना 'हं' बदलायला पावसाळा गेला ते ह्यानंच सभेत सांगितलं हुतं.

लेक सैपाकघरातनं आली. मला वाटलं ही तरी बोलंल. लहान असताना हिच्या वह्यापुस्तकांना मावशीनं खेळातनं पैसं दिलं हुतं, ते हिला ठाऊक हाय. तर म्हनली, आई, त्याच्या करिअरचा प्रश्न आहे, त्यानं काय मुद्दाम केलं का? आणि खरं सांगू, असले खेळ आता किती दिवस चालणार होते? मावशीला आपण महिन्याला काहीतरी देऊ.

मी उठून भांडी घासाय लागले. भांडी घासताना कुनी तोंड बगत न्हाई.

पुढचं काम गेलं. पार्ट्या ठरवून देनारा मानूस पाव्हन्यांना फोनवर म्हनाला, अंकल, तुमचा आयटम आता सगळ्यांना पाठ झालाय, फुगं फिरवायला येता का? पाव्हनं एकदा गेलं. फुग्याचं कुत्रं करायचं हुतं, हात थरथरतो, फुगा फुटला, पोरं दचकली. मग गेलंच न्हाईत. ह्ये मला त्यांच्या शेजारनीकडनं कळलं. धाकटी माझा फोन उचलत नव्हती. मी तिच्या दारात दोनदा गेले. पाव्हन्यांनी आत घेतलं, च्या दिला. ती पाठ करून शिवत बसली.

एक दिवस सकाळी ती आमच्या फ्लॅटात आली. लिफ्ट तिला आवडत न्हाई, जिन्यानं आलेली, दम लागलेला. लेक कामाला गेलेली, नातू आपल्या खोलीत. पानी दिलं ते पिलं. बसली न्हाई.

म्हनली, "नवं बोलनं बसवायचं. पाव्हन्यांच्यानं आता पाठ हुनार न्हाई. तू इचार, मी बांधते."

मी म्हटलं, मी कवा इचारलंय? मी तर बसनारी.

"बसनारीलाच इचारायचं कळतं," ती म्हनली. "पन ह्या घरात न्हाई. तितं या लागंल, राह्या लागंल. आन ह्याच्या वाऱ्यालाबी हुबं राह्याचं न्हाई, जवर नवं बसत न्हाई तवर." नातवाच्या दाराकडं तिनं बोटसुद्धा केलं न्हाई, हनवटी केली.

मी इचारलं, माझ्यावर इस्वास हाय का तुझा? ती म्हनली, न्हाई. पन दुसरं कोन हाय मला?

मी दोन लुगडी आन औषधाची पिशवी घेतली. नातू आवाज ऐकून बाहेर आला. धाकटीला बगून त्यो पाया पडाय वाकला, तर ती मागं झाली. त्याचं डोळं भरलं. खरंच भरलं, ते मी मान्य करते. म्हनाला, आजी, किती दिवस? मी म्हटलं, बगू. त्याला लगेच समजलं, हुशारच हाय. म्हनाला, "नवीन बसवताय ना? मला एकदा दाखवा फक्त. कुणाला ओळखता येईल का ते तपासून देतो. कुणाला सांगणार नाही."

मी त्याच्या केसांवरनं हात फिरवला. केस त्याच्या आजोबागत राठ हायेत. म्हटलं, जेवन येळंवर घेत जा. आन धाकटीच्या मागं जिना उतरले.

त्याला आता बरंच दिवस झालं. हितं एका तळ्याच्या मागल्या अंगाला धाकटीची एक खोली हाय, बाहेर मोरी. पाव्हनं दाराशी ऊन खात बसत्यात, कुनी आलं तर खाकरत्यात. दुपारी जेवनं झाली की मी तिच्या डोळ्यांवर फडकं बांधते आन घरातली वस्तू उचलते. माझी जीभ जड पडती. आबाचं जुनं तोंडात येतं, ते गिळून नवं काडायला लागतं. काल मी लाटनं उचललं, ती म्हनली कात्री. परत इचारलं, परत म्हनली कात्री. चूक तिची का माझी ते दोघींनाबी कळंना. फडकं वर करून तिनं लाटन्याकडं बगितलं आन माझ्याकडं बगितलं. हसली न्हाई, पन पाठबी केली न्हाई.

नातवाचा फोन येतो. मी उचलते, तब्येत इचारते, जेवलास का इचारते. त्यो इचारतो, जमलं का? मी त्याला हवापान्याचं सांगते. नवं कसं हाय, त्यात पहिला शब्द कुनाला दिला, ते त्याला सांगितलं न्हाई, आन हितंबी सांगनार न्हाई.